सातवी ओळ

चिंचोक्याच्या एका कडेला अजून थोडा गर चिकटलेला होता आणि बाकीचा तो काचेसारखा गुळगुळीत – अंगठा फिरवला की फिरवतच राहावंसं वाटणारा, तपकिरी, गोल म्हणावा तर गोल नाही, चौकोनी म्हणावा तर तसाही नाही... सत्यशीलानं तो मुठीत मिटला आणि पुन्हा मूठ उघडली. या झाडाची चिंच तिनं चोपन्न वर्षांत एकदाही तोंडात घातली नव्हती. काल रात्री चिंचेचं एक बोटूक फोडलं ते नुसतं बघायला, गर वाटीखाली झाकून ठेवला आणि हा एक चिंचोका मात्र हातातच राहिला – झोपताना उशीशी, उठल्यावर पुन्हा हातात.

काल संध्याकाळी अप्पाराव आला होता. अप्पाराव म्हणजे तिचा गावच्या शाळेतला सोबती. एस.टी.त कंडक्टर होता, आता निवृत्त होऊन इथंच तीर्थपुरीत राहतो आणि अजूनही कुणाच्याही घरी गेला की दारातच उभा राहून बोलतो. त्यानं पुडी ओट्यावर ठेवली. "रामकिसनदादाच्या दारच्या हायेत. गाभुळलेल्या, एकदम बराबर. अन् ही वही."

"वहीचं काय करू?"

"भर. समदं भरलंय, तुझी तेवढी एक जागा रिकामी हाय. पह्यल्या पत्राची सातवी ओळ. उद्या चारला सगळे झाडाखाली जमणारेत, तवर आठव. बाकीच्यांला आठवलं अन् मास्तरीणच इसरली, असं नको व्हायला."

"बघते आठवतंय का," ती म्हणाली होती. आणि अप्पाराव गेल्यावर दार लावताना तिला स्वतःचंच हसू आलं होतं, कारण आठवायचं काही नव्हतंच. ती ओळ तिला स्वतःच्या नावासारखी पाठ होती. अडचण एवढीच होती की ती ओळ पत्रात कधी नव्हतीच.

रविवार. आठ वाजता मुलं आली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गल्लीतली सहा-सात मुलं रविवारी तिच्या ओसरीवर येतात, फी नाही, हजेरी नाही, फक्त येताना पाय धुवायचे. आज धडा होता मुंगीचा. एकेक जण एकेक ओळ वाचत होता आणि मोनालीची पाळी आली तेव्हा सत्यशीलाचं लक्ष आपोआप मुलीच्या तोंडावरून डोळ्यांवर गेलं. मोनाली दुसरीतली, आवाज खणखणीत, एकही चूक नाही. पण डोळे पानावर नुसते टेकलेले होते, चालत नव्हते. पान संपलं आणि पान न उलटताच तिनं पुढच्या पानावरची ओळ म्हटली – बाकीच्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"छान," सत्यशीला म्हणाली. "पुढं."

हे असं बोलायचं असतं, छान आणि पुढं. त्या वेळी बाकी काही म्हणायचं नाही. मग शेवटी कोरे कागद घ्यायचे, स्वतःच्या अक्षरात एक गोष्ट लिहायची, प्रत्येकाला एक ओळ, आणि ज्याचे डोळे चालत नाहीत त्याची ओळ इतकी लहान ठेवायची की ती पाठ करायला वेळच मिळू नये, नुसती बघितली की वाचली जावी. आजूबाजूला लांबलचक ओळी असतात, त्यात ती लहान ओळ लपून जाते. मुलांना कळत नाही. ज्याची असते त्यालाही कळत नाही, त्याला वाटतं आपलं नशीब, सोपी आली. चौतीस वर्षं तिनं हे केलं – अंबडला, परतूरला, मग इथं. एकदा केंद्रप्रमुखांनी विचारलं होतं, बाई, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? ती म्हणाली होती, कुठं नाही सर, असंच सुचलं. आणि ते खरंच होतं... खरंच वाटत होतं.

तिनं पुढच्या रविवारची गोष्ट लिहायला घेतली. मोनालीसाठी लिहिलं – *मुंगी घरी आली.*

जाताना मोनालीनं तिच्या मुठीकडं बोट दाखवलं. "बाई, तो चिंचोका मला?"

"दुसरे देते, दहा देते. हा नाही."

"त्यात काय हाय?"

"त्यात झाड आहे," ती म्हणाली आणि मोनालीला ते मुळीच नवल वाटलं नाही. "ते तर समद्यांतच असतंय," असं म्हणून ती पळाली.

समद्यांतच असतंय... ते झाड ज्यातून उगवलं तो चिंचोका सत्यशीलाच्याच सांगण्यावरून मातीत गेला होता. ती तेव्हा नऊ वर्षांची.

गोदाकाठचं ते गाव, एका खोलीची शाळा, चार वर्ग मिळून काकासाहेब गुरुजी एकटे. गावातला रामकिसन पलटणीत होता. त्याचं पत्र आलं की पोस्टमन ते सोनूमायच्या घरी न नेता सरळ शाळेत आणून द्यायचा, कारण सोनूमायला वाचता येत नव्हतं आणि तिच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला फारसं येत नव्हतं. सोनूमाय म्हणजे रामकिसनची आई, आणि गल्लीतल्या पोरांचीही निम्मी आई. ती शेतातून तशीच मातीच्या पायांनी यायची आणि शाळेच्या दारात बसायची. मग गुरुजी पत्र स्वतः वाचत नसत. तिसरी-चौथीची मिळून अकरा पोरं होती, दारापासून भिंतीपर्यंत ओळीनं बसलेली. पत्र पहिल्याच्या हातात जायचं, त्यानं एक ओळ वाचायची आणि शेजारच्याला द्यायचं. रामकिसनही याच शाळेत असंच पत्रं वाचत शिकलेला. वाचणारे किती आहेत ते गुरुजी त्याला उत्तरात कळवत आणि तो तेवढ्याच ओळी लिही. अकरा पोरं, अकरा ओळी.

आणि खरं पत्र तर त्यानंतर सुरू व्हायचं. कारण वाचून झालं की कागद सोनूमायच्या कमरेच्या पिशवीत जायचा आणि तिच्यासाठी मुका व्हायचा. मग तिला पत्र ऐकावंसं वाटलं की ती गल्लीतून निघायची, पहिल्या अप्पारावाला गाठायची, "सांग रं तुझी ओळ," तो सांगायचा, ती करंगळीच्या पेरावर अंगठा ठेवायची, हातावर गुळाचा खडा द्यायची आणि पुढच्या घराकडं वळायची. दुसरी ओळ, दुसरं पेर. कुणी मामाच्या गावाला गेलेलं असलं की पत्राला तेवढं भोक. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, पुढचं पत्र येईपर्यंत. म्हणून तर चोपन्न वर्षांनी वही भरली! मागच्या महिन्यात रामकिसनदादा सहज म्हणाला होता, "मायनं जाताना समदी पत्रं संगं नेली, मी काय लिव्हलं होतं मलाच म्हाईत न्हाई." म्हणजे सोनूमायला शेवटचा निरोप देताना कमरेची पिशवी कुणी सोडलीच नव्हती. आणि अप्पारावानं तिकिटं गोळा करावीत तशा ओळी गोळा केल्या – कुणाकडून फोनवर, दोघं आता नाहीत तर त्यांच्या भावाबहिणींकडून. गूळ विसरत नाही माणूस.

मीही विसरले नाही. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त गूळ मिळाला.

एकाहत्तरची दिवाळी होऊन गेली होती, तेव्हाचं ते, वहीतलं पहिलं पत्र. फिकट निळा कागद. सहावी बेबीनंदा, सातवी मी. मला वाचता येत नव्हतं. तिसरीत होते, पण येत नव्हतं, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकून ऐकून अख्खं पुस्तक मला पाठ होतं. पुस्तक नेहमी तेच असतं, पत्र मात्र दर वेळी नवं. तोपर्यंतच्या पत्रांना मी पोट दुखतंय म्हणून शाळेला गेले नव्हते. त्या दिवशी पोस्टमन न सांगता आला. बेबीनंदानं कागद हातात दिला तेव्हा त्यावर मुंग्यांची रांग होती, इकडून तिकडं हलणारी, आणि दारात सोनूमाय तोंड थोडं उघडं ठेवून माझ्याकडं बघत होती. मी काहीतरी बोलणं भाग होतं. आणि मला त्या क्षणी जगातली जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडत होती ती माझ्या तोंडून बाहेर पडली –

"दारात चिंचेचं झाड लाव."

गुरुजी मागं उभे होते. एवढंच म्हणाले, "छान. पुढं."

आणि पुढं सर्जेरावानं आठवी ओळ वाचली – *म्हणून पुढचं पत्र उशिरा आलं तरी मनाला लावून घेऊ नकोस.*

सत्यशीला उठली, चहाचं आधण ठेवलं, गॅस पेटवायचा विसरली. हा 'म्हणून' तिला आयुष्यभर टोचत आला होता. रामकिसननं सातव्या ओळीत काही सांगितलं असणार – आपल्याला पुढं हलवताहेत, लढाई होणार आहे, असं काहीतरी जड – आणि त्यामुळं तो म्हणत होता की पत्र उशिरा येईल. ते काहीतरी तिनं गिळलं होतं आणि त्या जागी चिंच लावली होती! आणि गंमत अशी की सोनूमायला ते अगदी बरोबर जुळलं. ती गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली, "ल्योक म्हनतो, चिंच लाव, म्हंजे ती उगवंपर्यंत पत्राची वाट बघायची न्हाई." दारात चिंच कुणी लावतं का, भूतखेत येतं, असं म्हणायला आलेल्या बाया तशाच परत गेल्या. "त्यो तिकडं बंदुकीम्होरं उभा, अन् मी चिंचंला भिऊ?" असं म्हणून तिनं त्याच संध्याकाळी चिंचोका पुरला. महिनाभर रोज सकाळी ती उकिडवी बसून माती बघायची. लढाई सुरू झाली, गावात एकच रेडिओ, लोक त्याच्याभोवती. सोनूमाय मात्र मातीभोवती. आणि गल्लीतून फेरी मारताना सातव्या पेरावर आली की सत्यशीलाच्या दारात थांबायची. "सांग गं तुझी ओळ." "दारात चिंचेचं झाड लाव." गूळ. इतरांना एक खडा, हिला दोन.

तो दुसरा खडा फार कडू लागायचा. कडू गूळ असतो का... असतो.

चहा राहू दे. तिनं वही उघडली. अप्पारावाचं अक्षर मोठं, गोल, तिकिटाच्या मागं हिशेब लिहावा तसं तिरकं. पहिलं पत्र, दहा ओळी आणि मधली एक रिकामी रेघ. ते पान तिनं भरभर उलटलं. दुसरं पत्र – लढाई चालू असताना लिहिलेलं, जानेवारीत पोचलेलं. हे तिला आवडायचं. रोपाला तोवर दोन बोटांएवढी पानं आली होती आणि सोनूमाय शाळेच्या दारात बसली होती ती जणू तिला सगळं आधीच माहीत होतं.

ती वाचत गेली, ओठ हलवत, मुलांसारखी.

पाचवी ओळ होती – *रात्री विमानांचा आवाज फार होतो, पण आमच्या खंदकात एक मद्रासी जवान आहे तो इतका घोरतो की मला तर विमानापेक्षा त्याचीच भीती वाटते.* तेव्हा अख्खी शाळा हसली होती. सहावी, बेबीनंदाची – *इथली माणसं रोज भात आणि मासे खातात, मला मात्र जेवायला बसलं की तुझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि चुलीपुढची तुझी बडबड आठवते.*

सातवी.

*झाडाला पाणी घाल.*

आणि आठवी पुन्हा लांब, दोन रेघा भरून – *लढाई लवकर संपेल असं आमचे साहेब म्हणतात आणि संपली की मिळेल त्या गाडीनं, नाही मिळाली तर चालत, मी घरी येणार आहे.*

सत्यशीलाचं बोट सातव्या ओळीवर होतं. तीन शब्द. तिनं वरची ओळ बघितली, खालची बघितली. वहीचं पान थोडं लांब धरलं, जसं ती मुलांचे कागद धरून बघायची... वर लांब, खाली लांब, मध्ये एवढीशी. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद ओसरीवर पडला होता. *मुंगी घरी आली.* तीन शब्द.

नशिबानं सोपी आली, असं तिला तेव्हा वाटलं होतं. चोपन्न वर्षं वाटत होतं. निळा कागद हातात आला होता, मुंग्या होत्या, पण थोड्याच होत्या आणि त्या हलत नव्हत्या. झा. डा. ला. आणि एकदम ते झाडच होतं, सोनूमायच्या दारातलं, आणि पा-णी तर पाणीच. घाल. तिनं पाठ म्हटलं नव्हतं. तिनं वाचलं होतं. आयुष्यातलं पहिलं वाक्य. घरी जाताना रस्त्यावरच्या दुकानाची पाटी तिला आपोआप दिसली होती आणि ती तिथंच उभी राहिली होती, पाटी वाचत, पुन्हा पुन्हा, दुकानदारानं "काय पाहिजे गं?" असं विचारेपर्यंत.

म्हणजे...

ती खाली बसली, ओट्याला टेकून. म्हणजे गुरुजींना कळलं होतं. अर्थात कळलं होतं! ज्याचे डोळे चालत नाहीत तो मला दहा पावलांवरून कळतो, मग मागं उभ्या असलेल्या गुरुजींना कळणार नाही? इतकी साधी गोष्ट. चौतीस वर्षं शिकवूनही ही साधी गोष्ट तिनं स्वतःला कधी लावून बघितली नव्हती. ती लाज कधी मोठीच झाली नव्हती, नऊ वर्षांचीच राहून एका कोपऱ्यात बसली होती, आणि तिला कुणी काही समजावून सांगायला गेलं नव्हतं. गुरुजींनी उत्तर लिहिलं असणार. सोनूमाय सांगत असेल, लिव्हा, चिंच लावली म्हून, आणि गुरुजींनी ते लिहून खाली स्वतःचं काहीतरी जोडलं असणार. सातवीला वाचता येत नाही, असं? आणि तिकडं खंदकात, बुटांत पाणी, वर विमानं, शेजारी घोरणारा माणूस, आणि तेवीस वर्षांचा रामकिसन गुडघ्यावर कागद ठेवून ओळी मोजतो आहे, सहा झाल्या, आता ही सातवी, ही लहान हवी...

तिला एकदम हसू आलं. मोठ्यानं, एकटीलाच. आणि हसता हसता आणखी एक गोष्ट मनात आली – गुरुजी त्याच संध्याकाळी सोनूमायकडं गेले नसतील का? खरी ओळ सांगायला? गेले असतील. गुरुजी असं काही अधांतरी ठेवणारे नव्हते. मग सोनूमायला ठाऊक होतं की मुलानं चिंच लावायला सांगितलेलं नाही. तरी तिनं चिंचोका पुरला. तरी ती दारात येऊन म्हणायची, सांग गं तुझी ओळ. आणि दोन खडे...

असेल की नसेल, आता विचारायला कोण आहे! पण तोंडात त्या दुसऱ्या खड्याची चव आली, आणि ती गोड होती.

तीन वाजता अप्पाराव काळी-पिवळी घेऊन आला. जीप आधीच भरलेली. सत्यशीलाला त्यानं पुढं खिडकीशी बसवलं आणि स्वतः मागच्या दारात लटकत ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय."

"अप्पाभाऊ, तुमची ड्युटी कवाच संपली," ड्रायव्हर म्हणाला.

"ड्युटी संपली रे, सवय कुठं संपून राह्यली."

वाटेत दोघं उतरल्यावर तो आत येऊन बसला. उसाच्या दोन ट्रॉल्या पुढं होत्या, जीप रांगत होती. "आठवली का ओळ?"

"अप्पा," ती म्हणाली, "कुणी न वाचताच वाचल्यासारखं केलं, तर गुरुजींना कळायचं का रे?"

"मला काय इचारती? मी निम्मी तिसरी पाठ म्हणूनच काढली." मग त्यानं थोडा विचार केला. "कळत असंल. तिकीट न काढता बसलेलं माणूस मला दारातूनच कळायचं. त्याला खिडकीबाहेर लई बघायचं असतंय."

सत्यशीला खिडकीबाहेरच बघत होती. तिनं मान वळवली आणि दोघंही हसले, तो कशाला ते न कळताच.

"अन् मंग काय करायचास? उतरवायचास?" तिनं विचारलं.

"एखांद्याला. एखांद्याला न्हाई बी."

झाड लांबूनच दिसलं. तिनं ते लांबूनच बघितलं होतं इतकी वर्षं, लग्नांना, कार्यांना गावात आली की पलीकडच्या गल्लीनं जायची. आता जवळून बघितलं तर त्याचा पसारा तीन घरांवर गेलेला, बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि खाली चटया, खुर्च्या, चहाची किटली. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सोनूमाय तोंड धुतलेलं पाणी वाटीत धरायची आणि याला घालायची. *झाडाला पाणी घाल.* ल्योकाचा हुकूम हाय, म्हणायची.

बेबीनंदा जालन्याहून आली होती, सर्जेराव शेतातून. पुण्याचा एक जण फोनमध्ये होता, फोन गुळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. कौसल्यावहिनी कप वाटत म्हणाली, "तुमच्या दादांनी सकाळधरनं दाढी करून ठेवलीय. लग्नाला बी येवढी गुळगुळीत नव्हती केली."

"लग्नात तोंड तुझं बघत होते लोक," रामकिसनदादा म्हणाला. पांढऱ्या मिशा, सत्त्याहत्तरीचा, पाठ अजून परेडला उभी असल्यासारखी. "जयभीम, शीला. ये. या झाडाखाली तू कदी आली न्हाईस."

"नाही आले, दादा."

"का गं?"

त्यानं उत्तराची वाटही बघितली नाही. "बस. सावली फुकटची हाय," म्हणाला आणि चिंचांनी भरलेलं सूप तिच्यापुढं सरकवलं.

ती सातव्या जागी बसली. कुणी सांगितलं नव्हतं, सगळे आपापल्या जागी बसले होते, दारापासून पुढं. अप्पारावानं खाकरून सुरुवात केली, *तीर्थरूप आईस रामकिसनचा सप्रेम जयभीम,* आणि त्याचा आवाज चौसष्ट वर्षांचा असूनही अर्ध्यावर दहा वर्षांचा झाला. दुसरी ओळ. तिसरी फोनमधून आली, खरखरत, आणि पुण्याचा माणूस मध्येच रडला की हसला ते कळलं नाही. रामकिसनदादा डोळे मिटून ऐकत होता. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा करंगळीच्या पेरांवरून चढत होता, एक, दोन, तीन, मग पुढच्या बोटावर... अगदी सोनूमायसारखा. सत्यशीला त्या अंगठ्याकडं बघत राहिली. तिचा हात सुपात गेला, एक बोटूक फोडलं, गर सुटला आणि तो तिनं तोंडात टाकला, न ठरवता, जसा नऊ वर्षांची मुलगी टाकेल.

बेबीनंदा म्हणत होती, "*इकडं पाऊस अजून थांबत नाही, दोन महिने झाले बूट वाळले नाहीत.*"

सहा.

अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर आला आणि थांबला. रामकिसनदादानं डोळे उघडले नाहीत. पण मिशांची उजवी कड अगदी थोडी, एखाद्यानं गूळ हातात लपवावा तशी, वर गेली.

सगळे तिच्याकडं बघत होते. सर्जेरावानं 'म्हणून' म्हणायला घसा साफ केला आणि मग तोही थांबला. वर चिंचेत वारा शिरला होता, बारीक पानं तिच्या पदरावर पडत होती. काय म्हणायचं – दारात चिंच लाव? की, दादा, मला वाचता येत नव्हतं? की उलट त्यालाच विचारायचं, खरी ओळ काय होती सांगा ना... तिन्ही ओळी तिच्यापुढं स्पष्ट उभ्या होत्या, एकही हलत नव्हती, आणि यातली कुठली तोंडून येईल हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची भीती कुठंच नव्हती, शोधूनही सापडत नव्हती. आंबट-गोड पाणी जिभेखाली साठलं होतं, डोळ्यांतही आलं होतं.

तिनं हात वर केला. जरा थांबा, तिनं खुणेनंच सांगितलं, तोंडात चिंच आहे.